स्वमग्नता आणि संवेदनांची अडचण : दोन नावांचा इतिहास

कामगार संघटनेच्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत लहान मुलांच्या वाढीविषयी बोलावे, याचे काही श्रोत्यांस नवल वाटेल. आमचा विषय म्हणजे वेतनकरार, ग्रॅच्युइटी, फार तर एखाद्या अपघाताची नुकसानभरपाई. वैद्यकाची पदवी आमच्यापाशी नाही. शाळा आम्ही दहावीपाशी सोडली आणि पुढचे जे काही वाचन झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात. तथापि गेली दहाबारा वर्षे पनवेलच्या आमच्या कचेरीत कामगार जी कागदपत्रे घेऊन येतात, त्यांत एक नव्या जातीचा कागद दिसू लागला आहे. तळोज्याच्या रसायन कारखान्यातला ऑपरेटर असो, पाताळगंगेचा फिटर असो की न्हावाशेव्याच्या बंदराकडे ट्रेलर नेणारा चालक असो, बोनसचे बोलणे संपले की तो खिशातून घडी घातलेला कागद काढतो. कागद त्याच्या मुलाचा असतो. कोणाच्या कागदावर 'ऑटिझम' असे लिहिलेले असते, कोणाच्या कागदावर 'सेन्सरी प्रोसेसिंगची अडचण' असे, आणि कधी कधी एकाच मुलाच्या दोन कागदांवर ही दोन निरनिराळी नावे असतात. प्रश्न ठरलेला असतो: "भाऊ, हे एकच का दोन?"

या प्रश्नाचे ढोबळ उत्तर आम्ही प्रथमच देऊन टाकतो. ती दोन आहेत, पण एकमेकांत शिरलेली आहेत. स्वमग्न मुलांपैकी पुष्कळांना संवेदनांची अडचण असते. संवेदनांची अडचण असलेले प्रत्येक मूल मात्र स्वमग्न नसते. एवढे सांगून बापाचे समाधान होत नाही, आणि होऊही नये. शब्द वैद्यकाचा असो वा कराराचा, तो कोणी, कोणत्या खोलीत, कोणाला समोर बसवून लिहिला हे पाहिल्यावाचून त्याचा अर्थ लागत नाही, ही आमची तीस वर्षांची सवय आहे. म्हणून आम्ही या दोन शब्दांच्या मागे गेलो.

'ऑटिझम' हा शब्द स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास रूढ केला. ग्रीक भाषेत 'ऑटोस' म्हणजे 'स्वतः'; मराठीने त्याचेच 'स्वमग्नता' केले. ब्लॉयलर यांच्यासमोर मुले नव्हती, बाहेरच्या जगाकडे पाठ फिरविलेले प्रौढ रुग्ण होते. मुलांतील अशा वागणुकीचे बारकाईने वर्णन ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टरीणबाईंनी १९२५ साली मॉस्कोत सहा मुलग्यांवरून केले, पण त्यांचे काम पाश्चात्त्य देशांत फार काळ कोणी वाचलेच नाही. कीर्ती मिळाली ती लिओ कॅनर यांना. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्यांनी अकरा मुले पाहिली, आठ मुलगे आणि तीन मुली, आणि १९४३ साली त्यांच्यावर एक निबंध प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्परगर यांनी तशाच मुलांविषयी लिहिले. (नाझी राजवटीशी त्यांचे किती संगनमत होते याचे पुरावे २०१८ साली पुढे आले आहेत. तो विषय निराळा आणि दुःखद आहे.)

कॅनर यांच्या अकरा मुलांतील पहिला डोनाल्ड ट्रिपलेट हा मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या लहान गावचा. त्याचे वडील वकील. त्यांनी मुलाची हकीकत टंकलिखित ३३ पानांत कॅनर यांस लिहून पाठविली होती. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा आमचे लक्ष ३३ या आकड्यावर खिळले. टंकलेखकाला मजकूर सांगून ३३ पाने लिहून घेणारा बाप कोण असतो? गिरणीतला नसतो, गोदीतला नसतो. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. डोनाल्ड पुढे बँकेत नोकरी करून, गोल्फ खेळून, आपल्याच गावात वृद्ध होऊन २०२३ साली वारला, हेही जाता जाता सांगितले पाहिजे. कारण निदानाचा कागद हाती पडताच आईबापांच्या डोळ्यांपुढे जो अंधार येतो, त्यात ही माहिती उपयोगी पडते.

कॅनर यांनी दोन गोष्टी मुख्य ठरविल्या: मुलाचे माणसांपासून अलग राहणे, आणि रोजचे सारे जसेच्या तसे असावे हा त्याचा आग्रह. परंतु त्याच निबंधात आणखी एक नोंद आहे. ही मुले मोठ्या आवाजाला आणि हलत्या वस्तूंना घाबरतात असे त्यांनी लिहिले, आणि उदाहरणे दिली ती घरातली: झोका, लिफ्ट, वाहते पाणी, गॅसची शेगडी, अंडी फेटण्याचे यंत्र. म्हणजे ज्याला आपण आज संवेदनांची अडचण म्हणतो ती स्वमग्नतेच्या पहिल्याच निबंधात हजर आहे. फक्त कॅनर यांनी तिला स्वतंत्र स्थान दिले नाही. बाहेरचे जग मुलाच्या एकांतात घुसते, त्याचा तो त्रास, असा त्यांनी अर्थ लावला. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या निदानाच्या ग्रंथात स्वमग्नतेला स्वतंत्र निदान म्हणून घेतले, तेव्हाही संवेदनांसाठी वेगळे कलम घातले गेले नाही. ते पडायला १९४३ पासून बरोबर सत्तर वर्षे जावी लागली.

मधल्या काळात काय झाले ते कामगारांच्या सभेत आम्ही नेहमी सांगतो. कॅनर यांच्याकडे आलेली मुले सुशिक्षित, सुस्थित घरांतली होती. त्यावरून दोन निष्कर्ष निघाले आणि दोन्ही चुकीचे निघाले. पहिला असा की, हा बुद्धिमंत श्रीमंतांच्या घरचा रोग आहे. दुसरा असा की, अशा घरांतील आया थंड स्वभावाच्या, पुस्तकी, म्हणून मूल आत मिटून जाते. 'फ्रिजसारखी आई' हा शब्दप्रयोग तेव्हाचा. शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ साली या मतावर एक जाडजूड ग्रंथच लिहिला आणि तो खूप खपला. अमेरिकेतील बर्नार्ड रिमलँड यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता; त्यांनी त्यापूर्वीच, १९६४ साली, हा मेंदूच्या घडणीचा प्रश्न आहे असे साधार मांडले होते. १९७७ साली सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासून आनुवंशिकतेचा भाग मोठा आहे हे दाखविले. आईचा थंडपणा हा सिद्धांत विद्वानांत तेथेच निकाली निघाला. पनवेलच्या चाळीत तो अद्याप निकाली निघालेला नाही. "आई कामाला जाते म्हणून", "हातात फोन दिला म्हणून" अशी त्याची नवी रूपे आम्ही दर आठवड्याला ऐकतो.

पहिल्या निष्कर्षाचा समाचार लॉर्ना विंग यांनी घेतला. या लंडनच्या मनोविकारतज्ज्ञ; त्यांचीही मुलगी स्वमग्न होती. रुग्णालयात कोण चालून येते हे पाहत न बसता त्यांनी ज्युडिथ गूल्ड यांच्यासह लंडनच्या कॅम्बरवेल या भागातील अडचण असलेली सारी मुले शोधून काढली, आणि १९७९ साली ते काम प्रसिद्ध केले. १९८० साली त्यांनी आणखी एक लेख लिहिला, त्याचा विषयच मुळी स्वमग्नता आणि सामाजिक वर्ग हा होता. निष्कर्ष साधा आहे: आईबापांच्या वर्गाचा रोगाशी संबंध नाही, दवाखान्यापर्यंत पोहोचण्याशी आहे. आम्हांला हा लेख एखाद्या कामगार पुढाऱ्याने लिहिल्यासारखा वाटतो.

आता बाल्टिमोर आणि लंडन सोडून परळला येऊ. कारण दुसऱ्या नावाचा उगम निराळ्या खात्यात आहे, आणि त्या खात्याचे आशियातले पहिले विद्यालय आमच्या गिरणगावात निघाले.

परळचे के.ई.एम. रुग्णालय १९२६ साली सुरू झाले. तेथे १९५० साली कमला विष्णू निंबकर यांनी व्यवसायोपचाराचे विद्यालय काढले. निंबकर म्हटले की आम्हां चळवळीतल्या माणसांना १९२८ च्या गिरणी संपातले आणि मीरत खटल्यातले र. शि. निंबकर आठवतात; त्यांचा यांचा घोटाळा करू नये. कमलाबाई मूळच्या अमेरिकन, क्वेकर पंथाच्या घरातल्या, माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. लग्न होऊन त्या इकडे आल्या, मग पुन्हा जाऊन फिलाडेल्फियात ही विद्या शिकल्या आणि मुंबईत ती रुजविली. फलटणचे शेतीतज्ज्ञ बनबिहारी निंबकर यांच्या त्या मातोश्री. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी काढलेल्या मराठी शाळेला 'कमला निंबकर बालभवन' हे नाव आहे ते यांचेच. १९५२ साली अखिल भारतीय व्यवसायोपचार संघटना निघाली, आणि त्याच वर्षी या विद्येची जागतिक संघटना ज्या दहा देशांनी स्थापन केली त्यांत भारत होता.

व्यवसायोपचार म्हणजे नोकरी मिळवून देणे नव्हे. हात गेलेल्या, पक्षाघाताने पडलेल्या माणसाला पुन्हा घास घेता यावा, गुंडी लावता यावी, हत्यार धरता यावे यासाठी कामातूनच उपचार करण्याची ही पद्धत आहे. मनोविकारतज्ज्ञ समोर खुर्ची मांडून माणसाशी बोलतो; व्यवसायोपचारतज्ज्ञ त्याच्याबरोबर सतरंजीवर बसतो आणि त्याचा हात, पाय, तोल पाहतो. दोघांची नजर निराळी, म्हणून दोघांना एकाच मुलात निरनिराळ्या गोष्टी दिसल्या.

कॅलिफोर्नियाच्या जीन एअर्स (१९२०–१९८८) या मूळच्या व्यवसायोपचारतज्ज्ञ. बुद्धी बरी असूनही ज्यांना लिहिता येत नाही, चेंडू झेलता येत नाही, सदरा अंगाला लागला तरी जी रडतात अशा मुलांवर त्यांनी काम केले. १९७२ साली त्यांचा मुख्य ग्रंथ आला आणि १९७९ साली आईबापांसाठी एक सोपे पुस्तक. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: ज्ञानेंद्रिये पाच आहेत असे आपण शाळेत शिकतो, पण आणखी दोन आहेत. कानाच्या आत तोल सांभाळणारे एक, आणि स्नायू-सांध्यांतून हातपाय कोठे आहेत हे सांगणारे दुसरे. या साऱ्यांकडून येणाऱ्या बातम्यांचा मेंदूत मेळ बसावा लागतो. काहींच्या बाबतीत तो नीट बसत नाही. मग कोणाला कुकरची शिट्टी सुईसारखी टोचते. कोणी न्हाव्याच्या खुर्चीत आकांत करतो. कोणी वरणभातात बोटे घालीत नाही, चमचाच हवा. दुसऱ्या टोकाला अशीही मुले असतात की, गुडघा फुटला तरी त्यांस पत्ता नसतो. आणि तिसरी अशी की, दिवसभर गरगर फिरल्यावाचून, भिंतीवर अंग आपटल्यावाचून त्यांना चैन पडत नाही.

एअर्स यांच्या उपचारातले झोके, गाद्या, घसरगुंड्या आज पनवेल-खारघरच्या कित्येक खाजगी केंद्रांत दिसतात. पण मनोविकारतज्ज्ञांनी हे निराळे निदान मानले काय? मानले नाही. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली आपल्या सभासदांस सांगितले की, संवेदनांची अडचण हे स्वतंत्र निदान म्हणून सहसा लिहू नये. ती दिसली तर मागे स्वमग्नता, चंचलता, विकासातील विलंब यांपैकी काही आहे काय हे आधी पाहावे. २०१३ साली निदानाच्या ग्रंथाची पाचवी आवृत्ती आली. तिच्यात संवेदनांना प्रथमच जागा मिळाली, पण ती स्वमग्नतेच्या पोटात. २०१६ साली अगदी लहान मुलांसाठी केलेल्या एका निराळ्या वर्गीकरणात मात्र तिला स्वतंत्र स्थान दिले गेले. म्हणजे वाद मिटलेला नाही. दोन डॉक्टर दोन नावे लिहितात ते प्रत्येक वेळी अज्ञानामुळे नव्हे. दोन खात्यांची ही जुनी भांडणे आहेत आणि ती मुलाच्या कागदावर उतरतात.

पाचव्या आवृत्तीतले कलम मात्र प्रत्येक आईबापाने समजून घ्यावे असे आहे, आणि आम्ही ते कराराच्या कलमासारखेच वाचतो. स्वमग्नतेच्या निदानाला दोन भाग लागतात. पहिला भाग माणसांशी होणाऱ्या देवाणघेवाणीचा. त्यात तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही असाव्या लागतात: परस्पर प्रतिसादात अडचण, नजर, हावभाव, खुणा यांच्या वापरात अडचण, आणि नाती जोडण्यात-सांभाळण्यात अडचण. दुसरा भाग तोच तोपणाचा. त्यात चार गोष्टी आहेत आणि त्यांतील कोणत्याही दोन पुरतात. संवेदनांची अडचण ही त्या चारांपैकी एक. आता हिशेब करा. केवळ कानावर हात ठेवण्यावरून, केवळ लोकरीचा स्वेटर फेकून देण्यावरून स्वमग्नता ठरत नाही. पहिला भाग रिकामा असेल तर दुसऱ्या भागातली एक खूण कितीही ठळक असो, कलम लागू होत नाही.

पहिला भाग घरात कसा ओळखावा? मुंबईच्या कापड गिरणीत साचेखात्याचा आवाज असा असे की, शेजाऱ्याचा शब्द शेजाऱ्यास ऐकू येत नसे. म्हणून साचेवाले बोलणे सोडून देत काय? ते खुणांनी, ओठांनी, भुवयांनी बोलत. घरची बातमी, मुकादमाची चेष्टा, संपाचा निरोप सारे तसेच पोहोचे. कान हैराण होता, पण देवाणघेवाणीचा रस्ता उघडा होता. ज्या मुलाला नुसती संवेदनांची अडचण असते ते या साचेवाल्यासारखे असते. मिरवणुकीच्या ढोलताशाने ते किंचाळते, पण आईच्या कुशीत शिरून "बंद कर" असे तोंडाने नाही तर हाताने सांगते, आणि आवाज थांबला की डोळे वर करून तिच्याकडे पाहते. आभाळात विमान दिसले की बोट दाखविते, आणि बोट दाखवून आई पाहते की नाही याची मागे वळून खात्री करते. हे मागे वळणे महत्त्वाचे आहे. जाणकार लोक दीड वर्षाच्या सुमारास ते मुद्दाम शोधतात. ते मूल चिखलाला हात लावणार नाही, पण भातुकलीत खोटाखोटा चहा करील आणि आपणांस पाजील.

स्वमग्न मुलाच्या बाबतीत हाच रस्ता अवघड असतो. आवाजाने ते तितकेच हैराण होते, पण हैराण झाल्याचे सांगायला माणसाकडे वळत नाही. हाक मारली तर वळत नाही, पण बिस्किटाच्या पुड्याचा आवाज दुरून ओळखते. हवी ती वस्तू बोटाने न दाखविता आईचे मनगट धरून तिचा हात त्या वस्तूपर्यंत नेते. भातुकलीची भांडी रांगेत मांडते आणि एक वाटी सरकली तर कोसळते. याचा अर्थ त्याला माणसे नकोत असा नव्हे. मोठे झालेले स्वमग्न लोक आपल्याविषयी जे लिहितात त्यावरून दिसते की ओढ असते, वाट सापडत नाही; आणि आपणही त्यांच्या वाटेने जाण्याची तसदी घेत नाही.

या भेदाला मेंदूच्या छायाचित्रांतूनही थोडा आधार मिळाला आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात २०१४ साली संवेदनांची अडचण असलेले १६ मुलगे, स्वमग्न १५ आणि इतर २३ अशी तुलना झाली. पाहणे, स्पर्श इत्यादींच्या बातम्या वाहणाऱ्या मागच्या भागातील तारा पहिल्या दोन्ही गटांत कमकुवत दिसल्या. भावना आणि सामाजिक व्यवहाराशी जोडलेल्या तारांत मात्र फरक दिसला तो फक्त स्वमग्न मुलांत. चोपन्न मुलग्यांवरून सिद्धांत होत नाही, आणि मुली तर त्यात एकही नव्हती. पण आमच्या साचेखात्याच्या दृष्टांताशी ते जुळते, म्हणून आम्हांला ते आवडते, एवढे आम्ही मोकळेपणाने सांगतो.

घरच्या खुणांवरून निदान करू नये हेही येथेच सांगितले पाहिजे. काही मुली दुसऱ्यांची नक्कल करून आपली अडचण वर्षानुवर्षे झाकतात. हाकेला ओ न देणाऱ्या मुलाची श्रवणशक्ती आधी तपासावी लागते. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून त्यासाठीच आहे. बहिऱ्या मुलाला स्वमग्न ठरवून दोन वर्षे घालविलेली घरे आमच्या पाहण्यात आहेत.

आता कायद्याकडे वळू, कारण कागदाची खरी किंमत तेथे कळते. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व मोजले होते. त्यांत स्वमग्नता नव्हती. दिल्लीत १९९१ साली मेरी बरुआ यांनी 'ॲक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था काढली होती, पालकांची खटपट चालू होती, आणि १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नतेचे नाव आले. दाखला कोणत्या मापाने द्यावयाचा हा प्रश्न मात्र उरलाच. सिकंदराबादच्या राष्ट्रीय मानसिक अपंग संस्थेने २००९ साली स्वमग्नता मोजण्याची भारतीय मोजपट्टी तयार केली. तिच्यात ४० प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण. बेरीज ७० च्या आत आली तर स्वमग्नता नाही, १५३ च्या वर गेली तर तीव्र. चाळीस प्रश्नांचे सहा गट आहेत आणि त्यांतील एक गट संवेदनांचा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सातांचे एकवीस प्रकार केले आणि स्वमग्नता त्यांत आपल्या नावाने बसली.

एकवीसांत संवेदनांची अडचण नाही. म्हणून पहिल्या कागदाला दाखला मिळतो, परीक्षेत सवलत मिळते, राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत लाखापर्यंत उपचारखर्चाचे संरक्षण मिळते. दुसऱ्या कागदाला काहीही मिळत नाही. आम्हां कामगारांना हे चित्र परके नाही. एकाच यंत्रावर दोघे उभे असतात. हजेरीपटावर एकाचे नाव 'कायम' आणि दुसऱ्याचे 'बदली'. वर्षानुवर्षे बदली ठेवणे ही अनुचित प्रथा आहे असे महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात लिहावे लागले, ते उगीच नव्हे.

या फरकामुळे दोन मोह उत्पन्न होतात. एक, दाखला मिळावा म्हणून नुसत्या आवाजाला भिणाऱ्या मुलावर स्वमग्नतेचा शिक्का मारून घेणे. हा मोह आम्ही क्वचित पाहिला. दुसरा फार पाहिला: मूल स्वमग्न असताना 'नुसते सेन्सरी आहे, होईल ठीक' या नावाखाली ते लपविणे. मोठ्या मुलीचे लग्न व्हायचे असते, शाळा प्रवेश नाकारील अशी भीती असते, आणि झोक्याची फी घेणारा कोणी कडू शब्द उच्चारायला तयार नसतो. मूल दोन वर्षांचे होते ते पाचाचे होते. बोलणे, खुणा, चित्रे यांतून देवाणघेवाण शिकविण्याची वेळ ती. ती नुसत्या झोक्यावर जाते.

झोक्याविषयीही सत्य सांगावे. ब्रिटनमध्ये संवेदनांची अडचण असलेल्या १३८ स्वमग्न मुलांवर या उपचाराची रीतसर चाचणी झाली आणि २०२२ साली निष्कर्ष आला की, नेहमीच्या सेवेपेक्षा त्याचा अधिक फायदा दिसला नाही. याचा अर्थ मुलाला झोका देऊ नये असा नाही. झोका त्याला आवडतो, त्याने ते शांत होते, तर जरूर द्यावा. पण कंत्राटी कामगाराने त्यासाठी पतपेढीचे कर्ज काढावे असा पुरावा नाही. वर्गात पंख्यापासून दूरची जागा, कॉलरमागची चिठ्ठी उसवणे, मिरवणुकीच्या दिवशी मावशीकडे पाठविणे, यांना पैसे पडत नाहीत आणि त्यांना कोणत्याही दाखल्याची अट नाही.

गोरगरिबांच्या मुलांची तपासणी होत नाही असेही आता म्हणता येणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली आमच्या शेजारच्या पालघरला झाला; अंगणवाडीत आणि शाळेत जाऊन मुले तपासण्याचा तो कार्यक्रम आहे आणि त्याच्या यादीत स्वमग्नता आहे. उत्तर गोव्यासह देशातील पाच ठिकाणी ३,९६४ मुलांची जी पाहणी झाली आणि २०१८ साली प्रसिद्ध झाली, तीत स्वमग्न मुले सुमारे शेकडा एक निघाली. लॉर्ना विंग यांचेच तंत्र: दवाखान्यात वाट पाहायची नाही, घरोघर जायचे.

आणि भारतीय मोजपट्टी करणारी जी सिकंदराबादची संस्था, तिची प्रादेशिक शाखा खारघरला आहे, म्हणजे आमच्याच पनवेल तालुक्यात. पनवेलहून हार्बरच्या गाडीने खांदेश्वर, मानसरोवर आणि मग खारघर. अडचण अंतराची नाही, दिवसाची आहे. तपासणी एका खेपेत होत नाही. आज बोलाविले, पुन्हा बोलाविले, कानाची तपासणी करून या म्हणून सांगितले, आणि प्रत्येक खेपेस रोजंदारीवाल्याचा एक खाडा. म्हणून यंदाच्या एका मागणीपत्रात आम्ही मुलाच्या तपासणीसाठी वर्षाला सहा दिवस भरपगारी रजेचे कलम घातले आहे. कोणत्या आजारासाठी ते लिहा, असे व्यवस्थापनाने विचारले. आम्ही आजाराचे नाव घातलेले नाही. 'मुलाच्या वाढीच्या तपासणीसाठी, निदानापूर्वी व निदानानंतर' असे शब्द ठेवले आहेत. बोलणी अजून चालू आहेत.